लहानपणी केवढा मोठा वाटणारा वाडा कागदावर का येत नाही?

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय, सोबत त्यांनी काढलेल्या चार चित्रांचे फोटो आहेत. पत्र बरंच मोठं आहे, मुद्द्याचा भाग तेवढा देते:

"माझं वय 56. बँकेतून व्हीआरएस घेतली आणि आता रोज सकाळी तासभर चित्रं काढते. माहेरचा वाडा पाडायचं भाऊबंदांनी ठरवलंय, तुळशीची लग्नं झाली की काम सुरू. मधे चौक, चारी बाजूंनी सोपा म्हणजे खांबांची ओसरी, तीन फूट उंच जोतं, कोपऱ्यात गोल कठड्याचा आड. पाडायच्या आधी तो मला नीट काढायचाय. चार वेळा काढला. पहिल्या दोन्हींत सोपा चौकात घरंगळतोय असं दिसतंय. तिसरं यूट्यूबवर बघून दोन बिंदू घेऊन बाहेरच्या बाजूने काढलं तर वाड्याचा कोपरा होडीच्या टोकासारखा पुढे आला. चौथं मोबाइलच्या फोटोवरून काढलं तर सगळे खांब आत झुकलेत. शाळेत आमचे सर म्हणायचे, भूमिती कच्ची असेल तर पर्स्पेक्टिव्ह जन्मात येणार नाही, आणि माझी कच्चीच होती. अजून एक, लहानपणी तो वाडा केवढा मोठा वाटायचा, ते मोठेपण एकाही चित्रात नाही. शिकायला उशीर झालाय का?"

ताई, नमस्कार. वय आणि भूमिती, दोन्हीची काळजी आजपासून सोडा. मी पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, इंटरमिजिएटला बसणारी कितीतरी मुलं हाताखालून गेली, त्यात गणितात पैकीच्या पैकी मार्क घेणारी मुलंसुद्धा होती आणि त्यांचीही टेबलं कागदावरून घसरायचीच, कारण ती टेबलाकडे बघायचीच नाहीत, टेबल चौकोनी असतं हे त्यांना माहीत असायचं आणि जे माहीत आहे तेच ती काढायची. तुमच्या सरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि त्या एका वाक्यामुळे तुम्ही इतकी वर्षं पेन्सिल हातात धरली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे आपण ज्याला यथार्थदर्शन म्हणतो त्याला, सुरुवातीला लागणारी भूमिती एवढीच की आपल्यापासून लांब जाणाऱ्या समांतर रेषा जाता जाता एकाच बिंदूत मिळताना दिसतात. रेल्वेचे रूळ बघितलेत ना, झालं तर मग. तो बिंदू म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट, लोपबिंदू म्हणा हवं तर. बाकी सगळं बघण्याचं काम आहे.

तुमची चारही चित्रं मी मोठी करून करून बघितली. रेघ चांगली आहे तुमची, खांबाखालच्या दगडी तळखड्या तर इतक्या प्रेमाने काढल्यात की तुम्ही त्यांच्यावर बसून वाढलात हे कळतं. पण पहिल्या चित्रात सोप्याची जमीन अशी दिसते की जणू तुम्ही माडीवरून खाली बघताय, आडाचा कठडा समोर उकिडवं बसून बघितल्यासारखा आहे, आणि कौलं तर आणखी वरून. एकाच कागदावर तुम्ही तीन ठिकाणी उभ्या आहात, ताई. सोपा घरंगळतोय तो त्यामुळे. रेषा तिरक्या किती काढायच्या हा प्रश्न नंतरचा, आधी मी कुठे उभी आहे आणि माझा डोळा जमिनीपासून किती वर आहे हे ठरवायचं, आणि एकदा ठरवलं की चित्र संपेपर्यंत तिथून हलायचं नाही.

एक सांगते, वेगवेगळ्या जागांवरून बघितलेलं एका चित्रात आणणं यात वाईट काही नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर मंडप आहेत, खांब आहेत, माणसांची गर्दी आहे, आणि सगळं एका लोपबिंदूकडे जात नाही, तिथला चितारी तुम्हाला प्रसंगातून फिरवत नेतो. आपल्या लघुचित्रांतही तसंच, वाडा समोरून आणि गालिचा वरून. ती त्यांची पद्धत होती आणि ती पूर्ण होती. पण तुम्हाला हवंय ते "मी इथे उभी राहिले की असं दिसायचं" हे, आणि त्यासाठी पर्स्पेक्टिव्हच लागतं.

आता हे वाचणं थांबवा आणि स्वयंपाकघरात जा, खरंच जा. डब्यांच्या मांडणीपुढे ताठ उभ्या राहा. खालच्या फळीवरच्या डब्यांची झाकणं चांगली गोल दिसतील, थाळीसारखी. त्याच्या वरच्या फळीवरची जरा चपटी, आणखी वरची आणखी चपटी, आणि एक उंची अशी येईल की झाकणाचा गोल संपून फक्त एक आडवी रेघ उरेल. ती रेघ जिथे, तिथे तुमची आय लेव्हल. तिच्या वर ठेवलेल्या डब्यांची झाकणं दिसणारच नाहीत, उलट फळीची खालची बाजू दिसायला लागेल. आता पाट घेऊन खाली बसा आणि तेच डबे बघा. जे झाकण मघाशी गोल होतं त्याची रेघ झाली, जी फळी मघाशी रेघ होती तिचं पोट दिसायला लागलं. डबे जागचे हलले नाहीत, तुम्ही हललात.

चित्रात याच उंचीवर कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी आडवी रेषा मारतात ती क्षितिजरेषा. कुठलंही चित्र सुरू करताना आधी ती मारायची, हलक्या हाताने, आणि मग बाकी सगळं तिला विचारून. तुमच्यापासून लांब जाणारी कड डोळ्याच्या खाली असेल, म्हणजे जोत्याची कड समजा, तर ती जाता जाता वर चढत क्षितिजरेषेकडे जाते. डोळ्याच्या वर असेल, म्हणजे तुळई, कडीपाटाच्या कड्या, तर ती खाली उतरत येते. आणि बरोबर डोळ्याच्या उंचीला असेल तर सरळ आडवी. तुमच्या दुसऱ्या चित्रात डाव्या सोप्याची तुळई लांब जाताना वर चढलीये, ते एकदा बघा आणि खोडा.

आडाचं पण यातच आलं. कठड्याचा वरचा गोल आणि जमिनीला टेकलेला खालचा गोल तुम्ही सारखेच चपटे काढलेत. डब्यांनी काय सांगितलं? डोळ्यापासून जितकं खाली तितकं जास्त गोल. म्हणजे वरचा चपटा, खालचा त्याहून गोलसर. आणि त्या लंबगोलाला दोन्ही बाजूंना टोकं नसतात, करंजीसारखा टोकदार करू नका, तिथेही तो वळतच असतो.

आता तुमचा तो मोठेपणाचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी "अजून एक" म्हणून लिहिलात आणि मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच होतं. तुम्ही म्हणता जोतं तीन फूट उंच. सात वर्षांच्या मुलीची उंची साधारण चार फूट धरा, तिचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. म्हणजे चौकात उभी असताना सोप्याची जमीन तिच्या डोळ्यांच्या फक्त अर्धा फूट खाली. आज तुम्ही त्याच फरशीवर उभ्या राहिलात तर तुमचे डोळे, समजा, पावणेपाच फुटांवर, सोप्याची जमीन पावणेदोन फूट खाली. एवढ्या फरकाने काय होतं बघा, तोच सोपा, तेवढ्याच अंतरावरून, पण त्याच्या जमिनीची पट्टी आज तुम्हाला लहानपणच्या साडेतीनपट रुंद दिसते. त्या मुलीला सोप्याची जमीन जवळपास दिसायचीच नाही, नुसती एक कड दिसायची आणि त्या कडेवरून खांब सरळ आभाळात गेलेले, कडीपाटाचा केवढा तरी भाग डोक्यावर, आणि जोत्यावर बसलेल्या माणसांकडे मान वर करून बघायला लागायचं. आडाचा कठडा जोत्याएवढाच उंच असेल तर त्याचा वरचा गोल तिच्यासाठी जवळजवळ रेघच होता. म्हणजे वाडा मोठा वाटायचा हा नुसता आठवणीचा खेळ नाही हो ताई, तो खरंच तसा दिसायचा, तुमचा डोळा खाली होता. तुम्ही आजच्या उंचीवरून चित्र काढताय आणि सात वर्षांच्या मुलीचा वाडा शोधताय, तो तिथून सापडणार नाही. क्षितिजरेषा खाली आणा. चित्रात पहिल्या खांबाच्या तळखड्यावर अगदी थोडंसं वर ती रेषा मारा, आणि मग बाकीचं बसवा. मला हे लिहिताना सुद्धा तुमचं ते चित्र बघायची घाई झालीये.

माणसं काढणार असाल, चित्रात कुणीतरी असावंच असं मला वाटतं, तर हीच रेषा उपयोगाला येते. सपाट चौकात तुमच्याच उंचीची माणसं उभी असतील तर जवळचं असो की लांबचं, सगळ्यांचे डोळे तुमच्या क्षितिजरेषेवरच येतात, फक्त लांबच्याचे पाय वर येतात. लहान मुलीच्या नजरेतून काढताना ती रेषा मोठ्या माणसांच्या बरोबर छातीच्या खालून जाईल, जवळच्याच्याही आणि लांबच्याच्याही. आणि जोत्यावर उभं असलेलं माणूस तीन फूट वर चढलंय, त्याच्या घोट्याच्या जरा वरूनच रेषा जाईल. तुमच्या पहिल्या चित्रातली जोत्यावरची बाई चौकातल्या माणसापेक्षा ठेंगणी झालीये ती यामुळेच.

तिसऱ्या चित्राकडे येते, होडीचं टोक. यात तुमची चूक अगदी थोडी, व्हिडिओवाल्यांची जास्त. दोन बिंदूंचं चित्र शिकवताना ते दोन्ही लोपबिंदू कागदाच्या आतच घेतात कारण कॅमेऱ्यात मावायला हवं. पण हिशेब बघा. चित्र आपण साधारण 40 सेंटिमीटरवरून बघतो. तेवढ्या अंतरावरून घराचा काटकोन काटकोन वाटायचा असेल तर दोन लोपबिंदूंमध्ये कमीत कमी 80 सेंटिमीटर अंतर लागतं, तेही कोपरा बरोबर मधे असेल तर, एक बाजू जास्त समोर असली की त्याहूनही जास्त. आणि ए-फोर कागद आडवा धरला तरी 29.7 सेंटिमीटर. तुमचे दोन्ही बिंदू कागदाच्या कडांवर आहेत, म्हणजे वाड्याचा कोपरा तुम्ही असा दाखवलाय की चित्र नाकाला लावून बघितलं तरच तो नीट दिसेल. उपाय साधा आहे. कागद डायनिंग टेबलावर मधोमध चिकटवा, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्या टेपने जोडा, क्षितिजरेषा त्या पट्ट्यांवरून थेट पुढे न्या आणि बिंदू तिकडे लांब घ्या. एवढी मोठी पट्टी घरात नसते, म्हणून बिंदूच्या जागी टाचणी टोचा, खाली पुठ्ठा ठेवा म्हणजे टेबल खराब होणार नाही, टाचणीला शिवणाचा दोरा बांधा, आणि तो ताणून धरला की कागदावर कुठल्याही कडेची दिशा मिळते.

ही टाचणी-दोऱ्याची युक्ती माझी नाही. लिओनार्दो दा विंचीने 1495 ते 1498 च्या सुमाराला मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिएच्या मठात, जेवणघराच्या भिंतीवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र काढलं, 8.8 मीटर रुंद, आणि त्या चित्रात येशूच्या उजव्या कानशिलापाशी खिळ्याचं भोक सापडलंय. छताच्या, भिंतींच्या सगळ्या लांब जाणाऱ्या रेषा तिथेच जाऊन मिळतात. तिथून दोऱ्या ताणूनच त्या रेषा आखल्या असं मानतात. एवढा मोठा माणूस खिळा आणि दोरी वापरत असेल तर आपण टाचणी वापरायला लाजायचं कारण नाही. माझ्या वर्गात मी पहिल्या दिवशी हे भोकच सांगायचे, मुलांच्या डोक्यातलं बिंदूचं भूत तिथेच उतरायचं.

चौकाच्या चित्राला मात्र दोन बिंदू घेऊ नका. देवडीच्या दारातून आत बघताना समोरचा सोपा तुम्हाला सरळ आडवा दिसतो, डावा-उजवा लांब जातो. हे एका बिंदूचं काम, आणि वाड्यासाठी यासारखं दुसरं काही नाही, कारण वाडाच मुळात समोरासमोर रचलेला असतो. समोरच्या सोप्याच्या आडव्या रेषा आडव्याच ठेवायच्या, खांब उभेच, आणि फक्त लांब जाणाऱ्या कडा एका बिंदूकडे. तो बिंदू क्षितिजरेषेवर तुमच्या डोळ्यासमोर. दारात मधे उभ्या असाल तर मधे, डाव्या चौकटीला टेकून उभ्या असाल तर डावीकडे. मी डावीकडे घेतला असता, म्हणजे उजव्या बाजूचा सोपा जास्त उलगडून दिसतो आणि कोपऱ्यातला आड पण मोकळा मिळतो, अर्थात आड कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावर ते.

खांबांचं सांगते, कारण तिथे तुम्ही पट्टीने मोजून सारखी अंतरं ठेवलीत आणि म्हणून तो सोपा लांब जातच नाही, जागच्या जागी उभा राहतो. लांब जाताना खांबांमधलं अंतर कमी कमी होत जातं. किती कमी, ते अंदाजाने नको. पहिला खांब काढा, त्याच्या माथ्यापासून आणि पायापासून बिंदूकडे रेषा न्या. खांबाचा मध्य काढा आणि त्याच्यापासून पण एक रेषा बिंदूकडे न्या. आता दुसरा खांब तुम्हाला बघून जिथे वाटतो तिथे उभा करा, एवढा एकच नजरेने. मग पहिल्याच्या माथ्यापासून पट्टी लावायची ती दुसऱ्याच्या बरोबर मध्यावरून जाऊ द्यायची आणि खाली पायाच्या रेषेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. तिसरा उभा केला की दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यावरून, टेकेल तिथे चौथा. कितीही खांब असू देत, एक पट्टी पुरते. पहिल्यांदा हे जमलं की माणूस एकटाच बसून हसतो, मी मोठमोठ्या माणसांना हसताना बघितलंय.

चौथं चित्र, आत झुकलेले खांब. तुम्ही चौकात उभं राहून माडीसकट सगळं फोटोत यावं म्हणून मोबाइल मागे झुकवलात, म्हणजे कॅमेरा वर बघायला लागला, आणि मग उभ्या रेषाही वर जाता जाता एकमेकींकडे येतात. तो तिसरा बिंदू झाला, त्यात आत्ता पडायचंच नाही. मोबाइल भिंतीसारखा सरळ उभा धरायचा, खालची फरशी जास्त आली तर येऊ दे, नंतर कापता येते. आणि तो शून्य पॉइंट पाचवाला मोठा अँगल अजिबात वापरू नका, कडेच्या वस्तू ताणून काढतो तो, कडेला उभं असलेलं माणूस कसं रुंद होतं बघितलं असेल तुम्ही ग्रुप फोटोत. डोळ्याला साधारण 60 अंशांत मावतं तेवढंच एका चित्रात घ्यावं. समोरचा सोपा 20 फूट रुंद असेल तर तो अख्खा घ्यायला साधारण 17 फुटांवर उभं राहायला लागतं. चौक तेवढा खोल नसेल तर अर्धाच सोपा काढा, चांगला काढा.

घरी रोजची प्रॅक्टिस म्हणून काय, तर तुमच्या खिडकीचं ग्रिल. खिडकीसमोर खुर्ची ठेवा, खुर्चीच्या पायांच्या खुणा फरशीवर खडूने करा म्हणजे रोज त्याच जागी बसता येईल, मान हलू नये म्हणून पाठ टेकवा, एक डोळा मिटा. ग्रिलच्या चौकटींमधून समोरची बिल्डिंग दिसते, तिची गच्ची कुठल्या चौकटीत सुरू होते आणि कुठल्या चौकटीत संपते, बाल्कनीची कड गजाला कुठे ओलांडते, हे बघायचं. कागदावर तेवढ्याच चौकटी हलक्या आखायच्या आणि एकेक चौकट भरायची. जर्मन चित्रकार ड्यूररने 1525 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात आणि नंतरच्या आवृत्तीत अशी यंत्रं काढून दाखवलीत, त्यातलं एक चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांच्या जाळीचं आहे, चित्रकार एका टोकदार काठीच्या टोकाशी डोळा ठेवून बसलाय, म्हणजे डोळा हलायलाच नको. त्याच्या शंभरेक वर्षं आधी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने बॅप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देतात त्या इमारतीचं छोटं चित्र काढलं, त्याला भोक पाडलं, आणि बघणाऱ्याने चित्राच्या मागून त्या भोकातून समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं, अशी व्यवस्था केली. का एवढा खटाटोप? बघणाऱ्याचा डोळा त्याने ठरवलेल्या जागीच यावा म्हणून. सहाशे वर्षांपूर्वी त्याला जो प्रश्न होता तोच तुमच्या चौकात तुम्हाला आहे, आणि तुमच्याकडे ग्रिल आहे. दोन आठवडे रोज अर्धा तास हे करा, त्या दोन आठवड्यांत व्हिडिओ बघू नका. रविवारी जमलं तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन या, तुम्हाला लांब नाही, तिथले लाकडी खांब बसून काढायला फार छान आहेत आणि आपला वाडा काढताना हात जसा थरथरतो तसा तिथे थरथरणार नाही.

आणि सगळ्यात घाईचं, चित्र नंतरही काढता येईल पण वाडा नंतर नसेल, म्हणून या पंधरा दिवसांत एक पूर्ण दिवस तिकडे जा आणि मापं घ्या. टेप, खडू, वही, सोबत भाचा-भाची कुणीतरी. जोत्याची उंची, दोन खांबांमधलं अंतर, खांबाची उंची, सोप्याची खोली, चौकाची लांबी-रुंदी, दाराची चौकट, कठड्याची उंची आणि तोंडाची रुंदी. वहीत चौकाचा वरून दिसतो तसा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा, सुबक नसला तरी चालेल. प्रत्येक बाजूच्या एका खांबावर जमिनीपासून बरोबर एक मीटरवर खडूने ठळक आडवी रेघ मारा आणि मग फोटो काढा, म्हणजे वर्षभराने फोटो बघितला तरी कशाची उंची किती ते त्यातून काढता येईल. फोटो दोनदा काढा, एकदा तुमच्या उभ्याच्या उंचीवरून आणि एकदा गुडघ्यावर बसून, मोबाइल जमिनीपासून साडेतीन फुटांवर धरून, टेपने मोजून धरा, अंदाजाने नको. कुठे उभ्या होतात ती जागा नकाशावर फुलीने दाखवा. फोटो काढून झाले की मोबाइल भाचीकडे द्या आणि तुम्ही निवांत बसा.

बसायचं कुठे हे मी सांगणार नाही, तुमची लहानपणची जागा असेलच ना एखादी, जिथून सगळा चौक दिसायचा, तिथे बसा. हात सरळ लांब करायचा, कोपर अजिबात वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिल जोत्याच्या कडेवर धरून तिचा कल बघायचा, घड्याळाच्या काट्यासारखा, किती वाजले. मग तोच काटा तसाच कागदावर आणायचा. तुळईचा कल घ्या, समोरच्या कौलांचा घ्या. रेषा वाकड्या आल्या तर खोडरबर घेऊ नका, शेजारी दुसरी मारा. त्या दिवशी नुसती तीन-चार कच्ची स्केचेस होतील, एकही पुरं होणार नाही, आणि तेच बरोबर आहे. सावली, कौलांचा रंग, भिंतीचा निघालेला गिलावा, हे सगळं घरी आल्यावर. आईच्या किंवा आजीच्या रोजच्या जागा आठवत असतील तर त्यांनाही नकाशावर खूण करून ठेवा, पुढे माणसं बसवताना लागतील.

घरी आल्यावर पहिलं चित्र साडेतीन फुटांच्या क्षितिजरेषेवरून काढा, पट्ट्या जोडून, टाचणी टोचून. झालं की मला पाठवा, फक्त पाठवताना त्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून टाकू नका, दोऱ्याच्या खुणांसकट अख्खं पाठवा, म्हणजे बिंदू कुठे घेतलात ते मला बघता येईल.